भिंतीवरचं मॉस, शेंड्यावरचं माकड

मृगाचा पाऊस पडला, की आमच्या मूल गावातल्या परसाच्या भिंती दोन-चार दिवसांत हिरव्या होतात. उन्हाळाभर जिथे नुसती काळपट पुटं होती, तिथे मखमल. आपण तिला शेवाळ म्हणतो, कोणी काई म्हणतो. पण बुळबुळीत काई वेगळी. ही बारीक पानांची वनस्पती, शाळेच्या पुस्तकातलं मॉस. जुन्या भिंतींवर सर्रास दिसणारा त्याचा एक प्रकार म्हणजे हायोफिला.

गंमत अशी, की ते नव्यानं उगवत नाही, जागं होतं. उन्हात पानांच्या कडा आत गुंडाळून, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गमावून ते पडून राहतं, मरत नाही. त्याला मुळं नाहीत (हे मूलमध्ये बसून सांगतोय!). सर पडली की पानंच पाणी पितात. पानांच्या बेचक्यांत सूक्ष्म कळ्या धरतात, त्या पाण्याबरोबर वाहून जिथे टेकतील तिथे नवं रोप. दिवाळीला भिंत खरवडून चुना मारा, कुठल्यातरी फटीत ते उरतंच.

आता याच्या उलट, असं पडून राहणं न जमणारं माकड. आपली कौलं फोडणारं वानर नव्हे. तिथे काळजी कौलांची करायची. मी म्हणतोय ते सिंहपुच्छी माकड, कानडीत सिंगळीक. काळं तोंड, भोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीला गोंडा. केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातला सह्याद्री सोडला, तर जगात कुठल्याही रानात ते नाही. उरलीत सुमारे चार हजार. केरळातल्या सायलेंट व्हॅलीतलं धरण थांबलं आणि १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, त्या लढ्यात याचं नाव पुढे होतं.

मादीला पहिलं पिल्लू पाच-सहा वर्षांची झाल्यावर, तेही एकच. पुढचं आणखी दोन-तीन वर्षांनी. रोज फळं हवीत, किडे हवेत, आणि जायला शेंड्याला लागून शेंडा हवा. मधे रस्ता किंवा चहाचा मळा आला, की टोळी अडते. मॉससारखं आठ महिने पडून राहणं तिला परवडत नाही.

तमिळनाडूत वालपराईजवळ रस्त्यावरून या झाडापासून त्या झाडापर्यंत झुलते पूल बांधलेत. खालून गाड्या जातात, वरून पोटाला पिल्लू धरलेली मादी पलीकडच्या फणसावर जाते.