नव्या गाडीची जुनी दुरुस्ती



विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल, की ही व्याख्यानमाला आहे की मोटारीचे गॅरेज? परंतु आम्हांला बोलायचे आहे ते रंगाविषयी नव्हे, मौनाविषयी. दुकानात येण्याआधी गाडीला इजा झाली, ती गुपचूप दुरुस्त केली आणि गाडी 'कोरी' म्हणून विकली, तर घेणाऱ्याला तसे सांगावे की नाही?

अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी १९९० च्या जानेवारीत एका डॉक्टरांनी बीएमडब्ल्यू कंपनीची काळी गाडी सुमारे ४०,७५० डॉलरना घेतली. नऊ महिने ती सुखाने चालली. मग अधिक झिलई यावी म्हणून एका कारागिराकडे नेली, तेव्हा तो म्हणाला, हिला दुसऱ्यांदा रंग दिलेला आहे! जर्मनीहून येताना आम्लयुक्त पावसाने रंग बिघडला असावा आणि कंपनीने ६०१ डॉलर खर्चून तो पुन्हा चढवला होता. कंपनीचा १९८३ पासूनचा नियमच होता, की दुरुस्ती किमतीच्या तीन टक्क्यांहून अधिक नसेल तर विक्रेत्यालासुद्धा कळवायचे नाही. अशा ९८३ गाड्या नव्या म्हणून विकल्याचे न्यायालयात निघाले.

ज्यूरीने ४,००० डॉलर भरपाई दिली आणि वर ४० लाखांचा दंड! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड २० लाखांवर आणला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला आणि अखेर तो ५०,००० वर आला. दंडाचे आकडे वृत्तपत्रांना आवडतात. आम्हांला मात्र ६०१ आणि ४,००० या दोन आकड्यांमधले अंतर अधिक बोलके वाटते. दुरुस्तीला लागले ६०१, पण पुन्हा रंगवलेल्या गाडीचे बाजारातील मोल दहाव्या हिश्श्याने घटते, अशी साक्ष झाली होती. म्हणजे कंपनी खर्चाने मोजत होती आणि ग्राहक मोलाने. तीन टक्क्यांची रेषा कंपनीने आपल्याच फूटपट्टीने आखली होती.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. जहाजातून, ट्रकमधून हजारो मैल येणाऱ्या मालाला ओरखडा उठणारच. फुटलेली काच किंवा टायर बदलून तसाच कोरा बसवला, तर त्याचा डांगोरा पिटावा असे आम्हीही म्हणणार नाही. रंगाचे तसे नाही. कारखान्यात उघडा सांगाडा भट्टीत घालून रंग भाजतात. आत गाद्या, तारा, रबर बसल्यावर गाडीला तशी आच देता येत नाही. आणि फरक जर खरोखरच नगण्य असेल, तर सांगायला भीती कसली? गंमत अशी, की ज्यूरीच्या निकालानंतर काही दिवसांतच त्याच कंपनीने प्रत्येक दुरुस्ती कळवण्याचे धोरण स्वीकारले.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली घोड्याची उदाहरणे आहेत. घोडा अधू आहे हे ठाऊक असून मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. घेणारी नुकतीच सज्ञान झालेली त्याची मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य. पोटच्या मुलीला सत्य आणि परक्याला मौन, असा हा हिशेब! पुढे १९८६ च्या आणि आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाच्या दर्जाविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला, हे चांगले झाले. तरी त्याच कलमातले आणखी एक उदाहरण आम्हांला फार उपयोगी वाटते. 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन,' असे घेणारा म्हणाला आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते.

आमचे एक स्नेही गाडी घ्यायला गेले, तेव्हा आम्हीही सोबत होतो. हार, नारळ, पेढे, सगळे सिद्ध. दाराच्या रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले. आम्ही कागदावर एकच ओळ लिहून पुढे केली : 'या गाडीला विक्रीपूर्वी कोणतीही दुरुस्ती अथवा रंगकाम झालेले नाही.' आणि म्हटले, यावर सही करा.

तो तरुण कागद घेऊन आत गेला. पाऊण तासाने परत आला, कागद तसाच कोरा. म्हणाला, "काका, परवा दुसरी गाडी येतेय. तीच घ्या ना."