ड जीवनसत्त्वाची मात्रा : किती, आणि किती दिवसांनी?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात, दौलतगंज येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर आहोत. मुलांना गणित व विज्ञान शिकवणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा औषधाच्या मात्रेवर आम्ही का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर एवढेच की, गणित शिकवणाऱ्याच्या घरात गणिताची चूक झाली आणि ती आमच्या आईच्या जिवावर बेतली. ती चूक आपल्यापैकी कोणाच्या घरी होऊ नये, म्हणून आम्ही ती उघड सांगणार आहोत.

आमच्या अम्मींचे वय सत्तरीच्या पुढे. बाड्याच्या आतल्या खोलीत त्यांचे सारे दिवस जातात. गुडघे धरल्यापासून गच्चीचा जिना त्यांनी चढलेला नाही. कंबर व मांड्या दुखतात, उठताना हाताचा आधार लागतो, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासले. ड जीवनसत्त्वाचे प्रमाण दर मिलिलिटरला ९ नॅनोग्रॅम निघाले. २० च्या खाली गेले की कमतरता समजतात. डॉक्टरांनी साठ हजार युनिटांची पुडी दर आठवड्याला एक, याप्रमाणे आठ आठवडे घेण्यास लिहून दिली आणि जोडीला चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. चिठ्ठी स्पष्ट होती. आम्ही बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत होतो. चिठ्ठी खिशात घातली, पुड्या आणल्या आणि घरात सांगितले, "रोज सकाळी दुधातून एक द्यायची."

एका डबीत चार पुड्या असतात. आठ आठवड्यांना दोन डब्या पुरल्या असत्या. आम्ही पाच आठवड्यांत नऊ डब्या आणल्या. दुकानदाराने विचारले नाही आणि आम्हांसही काही खटकले नाही. पस्तीस दिवसांत पस्तीस पुड्या, म्हणजे एकवीस लाख युनिटे अम्मींच्या पोटात गेली. पूर्ण उपचाराची बेरीज होती चार लाख ऐंशी हजार.

आधी त्यांची भूक गेली. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि रात्रीतून सहा-सात वेळा लघवीला उठणे सुरू झाले. आम्ही म्हणालो, उन्हाळा आहे. एके दिवशी त्या आमच्याकडे पाहून आमच्या थोरल्या भावाचे नाव घेऊ लागल्या. तो भाऊ वारून वीस वर्षे झाली आहेत. तेव्हा आम्ही धावलो. रक्तातला चुना १३ च्या वर गेला होता. तो साधारण साडेआठ ते साडेदहा असावा लागतो. मूत्रपिंडांवरही ताण आला होता. पुड्या व गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागले, आणि अल्लाच्या कृपेने अम्मी घरी आल्या. पण रक्त ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठते. जास्त झालेले लघवीवाटे निघून जाईल, असे त्याच्या बाबतीत होत नाही.

आता कोणी म्हणेल, मग ही पुडी घेऊच नये. तसे मुळीच नाही. कमतरता खरी आहे आणि ती आपल्याकडे जुनी आहे. १८९० साली थिओबाल्ड पाम नावाच्या इंग्रज डॉक्टराने देशोदेशींची माहिती जमवून असे दाखवले की, लहान मुलांचा मुडदूस सूर्यप्रकाश नसलेल्या ठिकाणी होतो. १९२२ साली हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी मुंबई इलाख्यातील आपली पाहणी प्रसिद्ध केली. मोकळ्यावर राबणाऱ्या गरिबांपेक्षा पडद्यात राहणाऱ्या, खात्यापित्या घरांतील बायकामुलांची हाडे अधिक मऊ पडलेली त्यांना आढळली. त्यांत मुसलमान होते, तसेच उच्चवर्णीय हिंदूही होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बुरखा असो वा घुंघट, हाडे धर्म विचारत नाहीत. त्यांना ऊन मिळाले की नाही, एवढेच ती पाहतात. आज पडदा कमी झाला असेल. पण लष्करातल्या अरुंद गल्ल्या, बंद खोल्या, कचेरी आणि शिकवणीचे वर्ग यांनी तेच काम चालू ठेवले आहे.

म्हणून पहिला उपाय उन्हाचाच. ते काचेतून आलेले चालत नाही. ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व तयार होते ते काच अडवते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तेव्हा ऊन सर्वांत उपयोगी. ग्वाल्हेरला मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास सावली उंचीएवढी होते, म्हणजे लू सुटण्यापूर्वी थोडा वेळ बसता येते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सावली उंचीपेक्षा लांबच राहते. तेव्हा अकरा ते दोनच्या दरम्यान, चेहरा व हात उघडे ठेवून, अधिक वेळ बसावे. कातडी लाल होईपर्यंत बसण्यात मात्र लाभ नाही. अंड्याचा बलक व तेलकट मासे यांतून थोडे मिळते. हल्ली काही दुधात व खाद्यतेलात हे जीवनसत्त्व घातलेले असते. पिशवीवर अधिक चिन्ह आणि इंग्रजी एफ अक्षर पाहावे.

आता मात्रेकडे वळू. येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली रोजची गरज. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ माणसासाठी ती रोजची ६०० युनिटे ठरवली आणि वरची मर्यादा ४,००० युनिटे सांगितली. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून या मर्यादेपुढे कोणीही जाऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे उपचाराची मात्रा. आठवड्याला साठ हजार म्हणजे रोजची सुमारे साडेआठ हजार. ही मर्यादेच्या वर आहे, पण ठरावीक आठवड्यांपुरती, कमतरता सिद्ध झालेल्या माणसासाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. ती संपली की मात्रा उतरते. पुष्कळदा महिन्याला एक पुडी सांगतात, म्हणजे रोजची दोन हजार. तीच पुडी रोज, आठवड्याला की महिन्याला, यावर औषध की विष हे ठरते.

एकदम मोठी मात्रा घेऊन मोकळे व्हावे, असाही मोह होतो. ऑस्ट्रेलियात सत्तर वर्षे व त्यापुढील २,२५६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटे दिली. २०१० साली निकाल आला : मात्रा घेतलेल्या स्त्रियाच जास्त वेळा पडल्या आणि त्यांचीच हाडे जास्त मोडली. त्याआधी ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर बाळांच्या दुधाच्या भुकटीत, पिठात आणि कॉडलिव्हर ऑइलात, सगळीकडेच हे जीवनसत्त्व घातले जात होते. एकेका बाळाला दिवसाला चार-चार हजार युनिटे मिळू लागली, काही बाळांच्या रक्तात चुना वाढला आणि १९५७ साली ते प्रमाण सरकारला कमी करावे लागले. प्रत्येक डब्यावरचा आकडा माफक होता. त्यांची बेरीज कोणी केली नव्हती. आपल्या घरीही पुडी, ताकदीची गोळी, हाडांची गोळी आणि मुलांचे पेय या सर्वांतली युनिटे मिळवून पाहावीत. लेबलावर मायक्रोग्रॅम लिहिले असतील, तर त्यांना चाळीसने गुणावे, म्हणजे युनिटे निघतात.

मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षय असलेल्यांनी, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी अथवा हृदयाची डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगावे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांचे गणित वेगळे. वर्षाच्या आतल्या बाळाला रोज ४०० युनिटे सांगतात; मोठ्यांच्या पुडीतली चिमूट त्याला कदापि देऊ नये. एक प्रश्न जैन बंधू आणि आमचे लोक सारखाच विचारतात : हे कशापासून करतात? ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धापासून होते आणि मऊ कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पुडी किंवा थेंब मागावेत, अथवा ड-२ विषयी विचारावे. ते प्राण्यांपासून होत नाही.

न्यासाला आमची दोन नम्र विनंत्या आहेत. पहिली, न्यासाच्या इमारतीची गच्ची हिवाळ्यात दुपारी एक तास केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावी. ज्यांच्या घराला गच्ची नाही, त्या येथे निःसंकोच बसतील. दुसरी, एक फलक दाराशी लावावा आणि त्यावर चारच प्रश्न मराठी व हिंदीत लिहावेत : युनिटे किती? किती दिवसांनी? किती आठवडे? त्यानंतर काय? ही चार उत्तरे मिळाल्यावाचून कोणीही पुडी फोडू नये. आणि औषध चालू असता तहान, मळमळ, बद्धकोष्ठ किंवा भ्रम जाणवला, तर पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

अम्मी आता बऱ्या आहेत. जिना चढवत नाही, म्हणून आम्ही त्यांची खुर्ची चौकात उन्हात मांडतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिन्यातून एकाच तारखेला लाल खूण असते. ती खूण त्या स्वतः पाहतात, आमच्यावर सोपवत नाहीत; आणि त्यांचे तसे करणे योग्यच आहे.