‘डॉगिड्ली’: एका शब्दाविषयी

इंग्रजीतील ‘डॉगिड्ली’ या क्रियाविशेषणाच्या मुळाशी कुत्रा आहे, आणि त्याचा जुना अर्थही गुरगुरण्याला साजेसाच होता. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात घुमेपणाने, आंबट चेहऱ्याने, एवढाच तो दिला. पुढे १७७३ साली एडिंबरोत लेखनाच्या अनुकूल घटकांची चर्चा निघाली, तेव्हा नेट लावून बसल्यास माणूस केव्हाही लिहू शकतो, हे सांगण्यास याच कोशकाराने हाच शब्द योजला! त्या प्रवासाचा वृत्तांत १७८५ मध्ये छापताना जेम्स बॉझवेलने टीप जोडली, की घुम्या माणसाच्या हट्टासारखा निर्धार, असे त्यांना म्हणावयाचे असावे. ही टीप मला कोशाहून मोलाची वाटते.

‘रेझोल्यूटली’ म्हणजे निर्धाराने. तेथे मान ताठ असते. ‘डॉगिड्ली’ काम करणारा थकलेला असतो, उमेद ओसरलेली असते, तरी काम सुटत नाही. अनुवादात ‘धैर्याने’ म्हटले तर तो उगाच वीर ठरतो, ‘हट्टाने’ म्हटले तर दोषी. मी ‘चिवटपणे’ लिहितो. ‘डॉगिड्ली’ गप्प राहणाऱ्यात मात्र जुना घुमेपणा अजून शिल्लक आहे. तेथे ‘हट्टाने’च बरे.