क्वार्टरबॅकपुढची पाच माणसं



८ सप्टेंबर २००२ ची रात्र. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात नुसता जल्लोष चालला होता. शहराचा जुना फुटबॉल संघ काही वर्षांपूर्वी टेनेसीला निघून गेला होता आणि आता टेक्सन्स नावाच्या कोऱ्या करकरीत संघानं पहिल्याच सामन्यात शेजारच्या डॅलस काउबॉइजला १९-१० असं लोळवलं होतं. या नव्या संघाचा क्वार्टरबॅक होता डेव्हिड कार. त्या वर्षी कॉलेजांतून खेळाडू निवडताना सगळ्या देशात पहिला उचललेला पोरगा. मोसम संपला तेव्हा हाच कार ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवा झालेला होता. एका मोसमात इतक्या वेळा पाडला गेलेला क्वार्टरबॅक त्याआधी नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. हीच ऑफेन्सिव्ह लाइन. समोरचे चार-पाच जण क्वार्टरबॅकवर धावून येतात, त्यांना थोपवायचं हे या फळीचं काम. तेवढ्या अवधीत क्वार्टरबॅकनं मैदानभर धावणाऱ्या आपल्या साथीदारांपैकी मोकळा कोण ते हेरायचं आणि चेंडू फेकायचा. अवधी असतो साधारण अडीच सेकंदांचा. तेवढ्यात जमलं नाही आणि चेंडू हातात असतानाच तो पाडला गेला, की त्याला सॅक म्हणतात.

एखादा क्वार्टरबॅक चाचपडायला लागला की त्याच्या बाजूनं एकच वकिली सुरू होते. पोरगा गुणी आहे हो, पण पुढची फळी फुसकी, त्याला वेळच मिळत नाही, चार चांगले लाइनमन आणा आणि मग बघा! दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शहरात हे ऐकू येतं. यात खरं किती आणि समजूत किती?

खरं पुष्कळ आहे. आधी या पाच जणांचं काम जवळून बघू. डाव्या कडेचा टॅकल बहुतेक वेळा उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखत असतो. चेंडू हलला की हा सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस तिरका मागे सरकतो, गुडघे वाकवलेले, हात पुढे. येणाऱ्याच्या छातीवर तळवे रोवायचे, पण त्याला मिठी मारायची नाही, जर्सी धरून ओढायचं नाही. १९७८ साली नियम बदलले आणि हात लांब करून तळव्यांनी रोखायची मुभा मिळाली. चेंडू फेकण्याचा खेळ त्यानंतर फोफावला तो उगाच नाही. ही झाली एकट्याची लढाई. अवघड प्रकार पुढचाच. समोरचे दोघे धावता धावता एकमेकांच्या वाटा कापतात, आणि तुमच्या टॅकलनं व गार्डनं त्याच क्षणी आपापली माणसं अदलाबदल करून घ्यायची असतात. एकाला उमगलं आणि दुसऱ्याला नाही, तर मध्ये दरवाजा सताड उघडा. म्हणून पाच नामवंत लाइनमन विकत आणले की उत्तम फळी तयार होते असं नाही. त्यांनी एकत्र खेळून मुरावं लागतं. चौघं पहाडासारखे आणि एक कच्चा असेल, तर प्रतिस्पर्धी दिवसभर त्या कच्च्यावरच माणसं सोडत राहतो.

फळीची किंमत कळायची असेल तर पॅट्रिक महोम्सचं बघा. फेब्रुवारी २०२१ मधला सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. तेव्हाचा हा थोपवायला सर्वांत अवघड क्वार्टरबॅक, पण त्याच्या कॅन्सस सिटी संघाचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जखमी. टॅम्पा बेच्या माणसांनी महोम्सला अक्षरशः मैदानभर पळवलं. सॅक तीनच नोंदले गेले, कारण माणूस निसटण्यात पटाईत. पण संघाला एकही टचडाउन करता आलं नाही, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात एकदाही नेता आला नाही. निकाल ३१-९. त्या उन्हाळ्यात कॅन्सस सिटीनं जवळजवळ अख्खी फळी नवी केली: जो थूनी, ऑरलँडो ब्राउन, नवखे क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथ. दोन वर्षांनी याच महोम्ससमोर सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया उभा राहिला. त्या संघानं मोसमभरात ७० सॅक वसूल केले होते. त्या रात्री महोम्सवर एकही नाही. कॅन्सस सिटी ३८-३५ असं जिंकलं.

पण महोम्स काही चाचपडणारा खेळाडू नव्हता. त्याला वेळ मिळाला तर त्याचं सोनं कसं करायचं हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. आपला प्रश्न आहे ज्याला ते अजून येत नाही त्याचा.

म्हणून पुन्हा कारकडे येतो. ह्यूस्टनवाल्यांना धोका कळला नव्हता असं नाही. नव्या संघासाठी इतर संघांतून खेळाडू घेताना त्यांनी पहिलं नाव घेतलं ते टोनी बोसेलीचं, त्या काळातला अव्वल डावा टॅकल. पण खांद्याच्या दुखण्यानं बोसेली टेक्सन्सकडून एकही सामना खेळू शकला नाही. भरवशाचा खांब पहिल्याच वर्षी गेला. आता आकडे ऐका, कारण ते आपल्याला हवे तसे वागत नाहीत. २००३ मध्ये कारवर फक्त १५ सॅक झाले, काही सामने जखमेमुळे हुकले हे धरूनसुद्धा कमीच. मग तो बहरला का? नाही. ९ टचडाउन पास, १३ चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. पुढच्या वर्षी सॅक वाढून ४९ झाले, आणि तेच त्याचं ह्यूस्टनमधलं सर्वांत बरं वर्ष ठरलं. २००५ मध्ये पुन्हा ६८. पाच मोसमांत एकूण २४९.

यात नेमकं काय बिघडतं ते क्रिकेट पाहणाऱ्याला चटकन उमजेल. उसळता चेंडू दोन-तीनदा हेल्मेटवर खाल्लेला फलंदाज पुढे फिरकीवाल्यालाही मागच्या पायावरून खेळायला लागतो. मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकचंही तेच होतं. नजर लांबवर साथीदारांकडे हवी, ती अंगावर येणाऱ्यांकडे खाली उतरते. पाय रोवून फेकायचं ते मागे सरकत, अंग चोरत फेकलं जातं. पहिला साथीदार मोकळा नसला की दुसऱ्या-तिसऱ्याकडे बघायचा धीर उरत नाही. आणि फळी सुधारली तरी ही खोड लगेच जात नाही, कारण त्याच्या अंगाला मिळालेला वेळ खराच वाटत नाही. २००६ मध्ये कारच्या पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण ६८ टक्क्यांहून वर गेलं, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक! पण पास आखूड, धोका टाळणारे. मोसम संपल्यावर ह्यूस्टननं त्याला मोकळं केलं.

दुसरी बाजू अशी की सॅकचं पाप नेहमी फळीच्याच माथी मारणं न्यायाचं नाही. पेटन मॅनिंग २००९ मध्ये १६ सामन्यांत १० वेळाच पाडला गेला, कारण समोरच्याचा डाव चेंडू हलण्याआधी ओळखून तो चटकन चेंडू फेकून मोकळा व्हायचा. पुढे तो डेन्व्हरला गेला, माणसं बदलली, तरी २०१३ मध्ये ५५ टचडाउन पास आणि सॅक जेमतेम १८. उलट रसेल विल्सन. सिॲटलमध्ये २०१३ पासून सलग आठ मोसम ४० हून अधिक सॅक. सगळे म्हणत, फळी वाईट. तोही २०२२ मध्ये डेन्व्हरला आला, आणि तिथं ५५ वेळा पडला. लांबचा पास सापडेल या आशेनं चेंडू हातात धरून ठेवायची त्याची सवय होती. त्याच सवयीनं त्याला सामने जिंकूनही दिले, हेही खरं.

आणि जो बरोचा अपवाद सांगायलाच हवा. २०२१ मध्ये सिनसिनाटीच्या या पोरावर लीगमधले सर्वाधिक ५१ सॅक झाले. त्याच मोसमात पास पूर्ण करण्याच्या प्रमाणात तोच लीगमध्ये पहिला. बाद फेरीत टेनेसीनं त्याला नऊ वेळा पाडलं, तरी सामना त्यानंच काढला. असे लोक असतात, पण त्यांच्या भरवशावर संघ बांधू नये. खुद्द बरोही त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये सात वेळा पाडला गेला आणि २३-२० अशा थोडक्या फरकानं हाता-तोंडाशी आलेला घास गेला.

मग सुधारलेला कोणीच नाही का? आहे. जिम प्लंकेट. १९७१ मध्ये पहिला निवडला गेला, न्यू इंग्लंडमध्ये खूप मार खाल्ला, सॅन फ्रान्सिस्कोनंही सोडून दिलं. ओकलंड रेडर्सनं त्याला घेतलं आणि बहुतांश वेळ बाकावरच बसवलं. १९८० मध्ये पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला म्हणून हा उतरला. डाव्या बाजूला जीन अपशॉ आणि आर्ट शेल, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले. जानेवारी १९८१ मध्ये प्लंकेट सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझ्या मते त्याला फळीइतकीच ती सक्तीची विश्रांती मानवली. मार थांबला, बसून खेळ बघता आला, आणि मग मजबूत आडोसा मिळाला. क्रम महत्त्वाचा. कारच्या वाट्याला नेमका उलटा क्रम आला.

अगदी ताजं उदाहरण शिकागोचं. २०२४ मध्ये केलेब विल्यम्स पहिला निवडला गेला आणि पहिल्याच वर्षी ६८ वेळा आडवा झाला. संघ ओळीनं दहा सामने हरला. कारची आठवण न होणं अशक्य. पण शिकागोनं दुसऱ्याच वर्षी हालचाल केली: महोम्सपुढे उभा राहणारा तोच जो थूनी आणला, नवा सेंटर आणि नवा उजवा गार्ड आणला, शिवाय बेन जॉन्सन हा नवा प्रशिक्षक. विल्यम्सवरचे सॅक ६८ वरून २४ वर आले आणि शिकागोनं आपल्या गटात पहिलं स्थान मिळवलं. श्रेय फळीला किती, जॉन्सनला किती आणि पोराला स्वतःला किती, याची वाटणी कोणी छातीठोकपणे करू नये.

गंमत म्हणजे जॉन्सननं त्याच्यापुढे ७० टक्के पास पूर्ण करण्याचं लक्ष्य ठेवलं होतं, आणि प्रत्यक्षात त्याचं प्रमाण वाढायच्या ऐवजी ५८ टक्क्यांवर घसरलं. कारच्या अगदी उलट. पूर्वी ज्या चालींवर विल्यम्स चेंडू धरून पळत सुटायचा आणि पडायचा, त्यातल्या काहींवर आता तो चेंडू सरळ सीमारेषेबाहेर भिरकावून देतो. हिशेबात तो पास फुकट गेला असाच लिहिला जातो. पण संघाला यार्ड गमावून मागे सरकावं लागत नाही, चेंडूही जात नाही, आणि पुढच्या चालीला पोरगा धडधाकट उभा असतो.