दाखल-खारीज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना 'शाळेचं नाव उज्ज्वल करणारी' असं म्हटलं गेलं. आई-बाबा समोर बसले आहेत, ते खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू! पण मला विषय दिलाय 'शिक्षण : एक सामाजिक संस्था', आणि त्यावर खरं बोलायचं तर ही ओळख थोडी दुरुस्त करावी लागेल.

या मेळाव्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कॉम्प्युटरवाली म्हणून. शाळेकडून 1996 च्या दहावीची नावं मिळाली, ती मी एक्सेलमध्ये टाकली, फोन नंबर जोडले. काम झालं असं वाटत होतं. मग एकाने ग्रुपवर आपला आठवीचा वर्गफोटो टाकला. फोटोतले नऊ चेहरे माझ्या यादीत नव्हते. त्यातल्या सात मुली.

दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, दोन वेण्या, लाल रिबीन. तिचं नाव इथे घेत नाही, तिला विचारलेलं नाही. पण सर, तुम्हाला ती आठवत असेल. बीजगणितात फळ्यावरची तुमची चूक तिने दाखवली होती आणि तुम्ही खडू तिच्या हातात दिला होता. मी तिच्या वहीतून गणितं उतरवायची. हे तीस वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

नववीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. शाळेच्या ऑफिसात विनंती करून मी जुनं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं. पानावर जिल्हा अकोला. वाशीम जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडायचा होता. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात दोन शब्द होते : सतत गैरहजर. तिच्या वर-खाली 'पालकांच्या विनंतीवरून', पुन्हा 'पालकांच्या विनंतीवरून'. आमच्या कामात प्रोग्राम बंद पडला की पहिल्यांदा लॉग उघडतात आणि 'बंद पडला' एवढीच नोंद असेल तर लिहिणाऱ्याला बोलणी बसतात. का बंद पडला ते सांग! रजिस्टरातल्या त्या दोन शब्दांत 'का' कुठेच नव्हतं.

'का' मला माहीत होतं, तेव्हाच माहीत होतं. तिचं गाव पाच-सहा किलोमीटरवर, मधे नाला. घरात सायकल एक, ती धाकट्या भावाची. सोबत येणाऱ्या दोघींची लग्नं ठरली आणि वाटेवर ही एकटी उरली. बाई तिच्या घरी गेल्या होत्या, हेही मला माहीत आहे. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "एकल्या पोरीले कसं धाडू, बाई?" बाईंकडे उत्तर नव्हतं. मुलींना बारावीपर्यंत फी माफ होती, पण अडचण फीची नव्हतीच.

माझंही गाव तितकंच दूर होतं. पण माझी मावशी शाळेमागच्या गल्लीत राहायची आणि आठवीपासून मी तिच्याकडे होते. पुढे शेगावला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी. माझ्या यशाची पायरी म्हणून आज जे सांगितलं गेलं, त्यात मावशीच्या स्वयंपाकघरातली ती चटई आलीच नाही. तिला मावशी नव्हती. आम्हा दोघींत एवढाच फरक.

ज्यांनी आपल्याकडे शिक्षणाचा पाया घातला, त्यांना ही गोष्ट पक्की कळली होती. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे, प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं मांडलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात तसा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आपल्या वऱ्हाडात 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करणारे पंजाबराव देशमुख नुसत्या शाळा काढून थांबले नाहीत. त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. खेड्यातला पोरगा शहरात निजेल कुठे, जेवेल काय, हा त्यांच्या लेखी शिक्षणाचाच प्रश्न होता. आपण शाळा म्हणतो तेव्हा इमारत डोळ्यांपुढे येते. माझ्यापुरती अर्धी शाळा मावशीच्या घरात होती.

हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणेल. 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. आहे, पण तो आठवीपर्यंत येऊन थांबतो आणि माझी मैत्रीण नववीत थांबली होती. आजही मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून दिवाळी झाली की बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात आणि सोबत पोरं जातात. वर्गात जानेवारीत कोण बसलंय हे जूनच्या पटावरून कळत नाही.

आता थोडं कमानीबद्दल. आपल्या बॅचने शाळेला कमान बांधून द्यायची, वर 1996 लिहायचं, असं ठरतंय. कमानीला माझा विरोध नाही. (थोडा आहे.) माझं म्हणणं इतकंच की त्या पैशातून आधी दुसरं एक काम व्हावं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात जी मुलं आली नाहीत त्यांची नावं मुख्याध्यापकांनी आपल्याला द्यावीत. आपल्यापैकी वीस-बावीस जण अजून याच तालुक्यात आहेत, त्यांनी दोघा-दोघांनी घरी जावं. कुठे सायकल लागेल, कुठे महिन्याचं ऑटोभाडं, कुठे कुणाची तरी मावशी शोधावी लागेल. हिशेबाची जबाबदारी मी घेते, पुण्यात बसून तेवढं जमतं.

मागच्या महिन्यात मी तिला भेटून आले. कापसाची वेचणी चालू होती, ती रानातच भेटली. तिची धाकटी मुलगी बारावीला आहे, मानव विकासच्या निळ्या बसने रोज जाऊन-येऊन करते. बसची वेळ तिला तोंडपाठ होती. पोरगी गणितात कशी आहे, विचारलं, तर नुसती हसली.

मी तिला आजचं निमंत्रण दिलं. म्हणाली, "मी कुठी दहावी झाली? मले कोन वयखते तिथी?"

सर, बाई, फोटो मी सोबत आणलाय. चहाच्या वेळेला तुमच्या दोघांचा तिच्याशी व्हिडिओ कॉल लावून देते. पाचनंतर ती घरी असते.