भिंतीला ओल आली, बिल्डरला काय सांगायचं?

ताबा मिळाल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात आमच्या बेडरूमची भिंत ओली झाली. बाबांच्या पीएफचे पैसे या घरात गेलेत. ते रोज सकाळी भिंतीला हात लावून बघायचे. बिल्डरचा माणूस आला, पुट्टी मारून गेला. दोन आठवड्यांत पोपडे परत सुरू.

मग मी कायदा वाचला. रेरा कायदा 2016, कलम 14(3): ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई.

यात ‘कळवला’ हा शब्द महत्त्वाचा. मी वर्षभर नुसते फोन करत होतो, पुरावा शून्य! ऑफिसात तिकीट टाकल्याशिवाय बग कुणी बघतं का? तसंच हे. मग तारखेसकट फोटो, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट, ईमेल, शिवाय पोस्टाने पत्र, पोचपावतीसकट. 30 दिवस उलटले, उत्तर नाही. शेवटी 5000 रुपये फी भरून महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली.

निकाल अजून यायचाय. बाबा अजूनही भिंतीला हात लावतात, पण आता विचारतात, “पुढची तारीख कधी रे?”

तुमच्याकडे ओल असेल तर आज फोन करू नका, मेल करा. भेटू पुढच्या भागात!