गेटपास आणि घर

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी प्राध्यापक नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत ठेक्यावर लागलो. हातात हूक, खिशात गेटपास. पास घरी राहिला तर गेटवरचा शिपाई रोजची ओळख विसरतो. त्यामुळं देश सोडून गेलेल्यांच्या कादंबऱ्या वाचताना मी आधी बघतो, पास कुणाच्या हातात आहे.

२२ जून १९४८ ला लंडनजवळच्या टिल्बरी गोदीत 'एम्पायर विंडरश' बोटीतून वेस्ट इंडीजची शेकडो माणसं उतरली. महायुद्धानंतर इंग्लंडला कामाला हात हवे होते. ही माणसं ब्रिटिश प्रजा म्हणून हक्कानं आली. पुढं अशा हजारोंची कथा त्रिनिदादच्या सॅम सेल्व्हननं १९५६ साली 'द लोनली लंडनर्स' मध्ये लिहिली. त्यातला मोझेस लंडनला येऊन दहाएक वर्षं झालेला. भाड्याची एक खोली. रविवारी सकाळी सगळी पोरं तिथं जमतात, गप्पा हाणतात. घर म्हणायचं ते एवढंच. एक पोलंडचा हॉटेलवाला काळ्यांना जेवण देत नाही. मोझेस उखडतो. हा साला परका, आम्ही ब्रिटिश प्रजा, हक्क आमचा जास्त! कायदा मोझेसच्या बाजूनं, पण ताट मिळत नाही. आपल्याकडं घटनेनं अस्पृश्यता मोडली, तरी गावच्या हॉटेलात आपला कप वेगळा राहिलाच की.

सेल्व्हननं आधी शुद्ध इंग्रजीत लिहून पाहिलं. पुस्तक पुढं सरकेना. मग त्यानं नुसते संवाद नाही, अख्खं निवेदन त्रिनिदादच्या बोलीत उतरवलं. खोली दुसऱ्याची होती, भाषा तरी स्वतःची झाली.

दुसरं पुस्तक नायपॉलचं, 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास', १९६१. १८४५ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून करारानं बांधलेले मजूर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. बिस्वास त्यांच्यातल्याच एका ब्राह्मण मजुराचा पोरगा. श्रीमंत मावशीकडं धार्मिक कार्य असलं की त्याला मान, जेवण, दक्षिणा. कार्य संपलं की परत मजुराचं पोर. म्हणजे काळं पाणी ओलांडूनही जात बुडाली नाही, माणसांबरोबर बोटीतून उतरली. बिस्वास सासरच्या वाड्यात आश्रित म्हणून कुढतो आणि ४६ व्या वर्षी मरतो तेव्हा स्वतःच्या घरात मरतो. घर वेडंवाकडं, कर्जात बुडालेलं, पण त्याचं. मला तो माणूस आवडला. तरी विचारतो, त्याच मळ्यावरच्या चांभाराच्या पोराचं घर कुठं होतं? त्याची कादंबरी मला वाचायचीय.

पांढरपेशा समीक्षक या पुस्तकांत गावाची आठवण शोधतो. चिंचेचं झाड, आजीची गोष्ट. आमच्या आज्यांच्या आठवणी गावकुसाबाहेरच्या आहेत. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींच्या तोंडावर सांगितलं, की मला मायभूमी नाही. जिथं माणूस म्हणून जागा नाही तो देश आपला कसा म्हणायचा, हा त्यांचा सवाल होता. मोझेसचाही तोच.

आता खरी गोष्ट ऐका. २०१८ साली इंग्लंडात बोंब झाली. लहानपणी आईबापांबरोबर आलेली, पन्नास-पन्नास वर्षं तिथं राबलेली माणसं म्हातारी झाली, तेव्हा सरकार म्हणालं, पुरावा दाखवा. कितीकांच्या नोकऱ्या गेल्या, दवाखान्यात उपचार नाकारले, काहींना डांबलं, काहींना देशाबाहेर काढलं. आणि बोटीतून उतरतानाची जुनी कार्डं? ती सरकारी खात्यानंच २०१० साली नष्ट केली होती. पुढं सरकारनं माफी मागितली. गेलेली वर्षं कोण देणार?

मित्रांनो, जिथून कुणी आपल्याला हाकलू शकत नाही ते घर. ते मिळेपर्यंत लढायचं आहेच. पण कपाटातली कार्डं त्यांच्या ताब्यात असतात, हेही ध्यानात ठेवा. सेल्व्हनचं पुस्तक त्यांच्या कपाटात नव्हतं, म्हणून मोझेसची खोली आज मला गोदीत बसून दिसते. आपल्या वस्तीची, चाळीची, आपल्या माणसांची नोंद आपण ठेवायची. आपल्याच भाषेत. आजपासून.

जयभीम.